उन्हाळ्यासाठी एक पुस्तक सुचव ना

सुट्टीत वाचायला काहीतरी हलकंफुलकं सुचव, असं दर उन्हाळ्यात मला कुणीतरी म्हणतं आणि मीही कुणाला तरी म्हणते. बरीच वर्षं हे असंच बोलता बोलता चालायचं. मग मामा, मावशी, माझी भाची, काही मैत्रिणी आणि त्यांच्या घरची मंडळी अशा आम्ही ही देवाणघेवाण मनावर घेऊन करायचं ठरवलं. ती कशी जमत गेली ते लिहितेय. पुस्तक सुचवायला वेळ लागत नाही, पण सुचवलेलं पुस्तक समोरच्याने खरोखर वाचावं असं वाटत असेल तर त्यासाठी बरंच काही करावं लागतं, आणि ते करण्यात फार आनंद आहे.

पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकांची यादी सगळ्यांना दिली. याद्या सुरेख होत्या. चिमणराव-गुंड्याभाऊ होते, 'व्यक्ती आणि वल्ली' तर जवळजवळ प्रत्येक यादीत होतं, वुडहाऊस होता, अगाथा ख्रिस्ती होती. सगळ्यांनी एकमेकांच्या निवडीचं कौतुक केलं आणि सुट्टी संपेपर्यंत त्यातलं फारसं कुणी काही उघडलं नाही. मावशीच्या यादीवरून मावशी कळत होती, मामांच्या यादीवरून मामा. पण जो वाचणार त्याचा त्या यादीत पत्ताच नव्हता. शिवाय पंधरा-वीस चांगली पुस्तकं एकदम समोर आली की निवड करणं हेच एक काम होऊन बसतं, आणि विसाव्यासाठी वाचू पाहणारा माणूस नेमकं तेच काम टाळतो.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही रीत बदलली. एकाने एकालाच पुस्तक सुचवायचं. एकच. ते का सुचवतोय ते दोन-तीन ओळींत लिहायचं. ज्याला सुचवलं त्याने उलट आपल्याला एक सुचवायचं, आणि ते आपण वाचायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सुचवण्याआधी त्या माणसाशी बोलायचं.

काय बोलायचं हेही हळूहळू ठरत गेलं. 'तुला काय आवडतं?' हा प्रश्न आम्ही सोडून दिला. त्याचं उत्तर बहुतेक जण आपल्याला काय आवडायला हवं ते देतात. त्याऐवजी विचारायचं: कुणीही मागे न लागता, स्वतःहून शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं? मामांना आवड विचारली की ते ठामपणे 'इतिहास' म्हणतात. पण हा दुसरा प्रश्न विचारल्यावर त्यांनी गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'चं नाव घेतलं, आणि बोलत राहिले ते वाटांबद्दल, दगडांबद्दल, पाण्याच्या टाक्यांबद्दल. लढायांचा विषय एकदाही निघाला नाही. मामांना मुळात जागा आवडतात, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

दुसरा प्रश्न, कधी आणि कुठे वाचणार? प्रवासात, दुपारी आडवं पडून, की रात्री डोळे मिटेपर्यंतची दहा मिनिटं? ज्याला एका वेळी दहाच मिनिटं मिळतात त्याला पात्रांची गर्दी असलेली कादंबरी दिली तर तो रोज मागची पानं चाळण्यातच दमतो. त्याला छोटी प्रकरणं हवीत, किंवा कथा. जाडजूड पुस्तक आडवं पडून वाचताना हात भरून येतात हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे, आणि अक्षर किती बारीक आहे हाही.

तिसरा प्रश्न विचारायला आम्ही सुरुवातीला कचरायचो, पण आता तो मी कधीच वगळत नाही: सध्या काय नको आहे? कुणाला आजारपण नको असतं, कुणाला घरातली भांडणं, कुणाला प्राण्यांचे हाल. एका मैत्रिणीच्या मुलाने सांगितलं, "ज्यात परीक्षा आहे ते नको." अगदी रास्त मागणी.

याच सुमाराला मला नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंची एक कल्पना वाचायला मिळाली, आणि आमच्या गप्पांना एकदम आकार आला. पर्ल सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात होत्या. 1998 साली सगळ्या शहराने मिळून एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम त्यांनी तिथे सुरू केला होता. त्यांचं म्हणणं असं, की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला ही चारही दारं असतात, पण एखादं सताड उघडं असतं आणि एखादं जेमतेम किलकिलं. वाचकाचंही एक लाडकं दार असतं. विषय वेगळे असले तरी दार तेच असेल तर पुस्तक आवडण्याची शक्यता बरीच वाढते.

हे वाचल्यावर आम्ही सगळ्यांची पुस्तकं पुन्हा नीट पाहिली. भाची कथानकाच्या दाराने जाते, तिला पुढे काय झालं ते कळायलाच हवं. मावशी माणसांच्या दाराने. तिला प्रकाश नारायण संतांचा लंपन फार जवळचा, 'वनवास'मध्ये काय काय घडलं हे ती विसरेल, पण लंपन कसा बोलतो ते विसरणार नाही. मामा स्थळाच्या दाराने. आणि एक मैत्रीण भाषेच्या, जिला दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' कुठलंही पान उघडून वाचायला चालतं. ती म्हणते त्यात घटना नाहीत हेच तिला हवं असतं, दिवसभर पुरेशा घटना घडलेल्या असतात.

मामांची चिठ्ठी माझ्याकडे आली. मी त्यांना जेराल्ड ड्युरेलचं 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' दिलं. 1956 सालचं हे पुस्तक. 1935 मध्ये ड्युरेल कुटुंब इंग्लंडमधून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला गेलं तेव्हा जेराल्ड दहा वर्षांचा होता. पुढची चार-पाच वर्षं त्याने तिथे विंचू, कासवं, पक्षी, किडे यांच्यामागे भटकण्यात काढली. पुस्तकात विनोद भरपूर आहे, पण मी चिठ्ठीवर विनोदाचा शब्दही लिहिला नाही. लिहिलं ते असं: "मामा, हे एका बेटाचं पुस्तक आहे. त्याची प्रत्येक वाट, ऑलिव्हची बनं आणि किनारा दहा वर्षांच्या मुलाने पायी तुडवलाय. घरातली माणसं भांडत असतात, त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही तरी चालेल." मामांनी ते सलग वाचून काढलं आणि मग मला कॉर्फूचा नकाशा दाखवायला बोलावलं. भांडणारी माणसंही त्यांना खूप आवडली होती.

उलट त्यांनी मला जे दिलं ते माझ्या मनातही आलं नसतं: जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट'. 1889 सालचं पुस्तक, तीन मित्र आणि एक कुत्रा थेम्स नदीतून होडीने जातात. ते विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे एवढंच मला माहीत होतं. मामांच्या चिठ्ठीत वेगळीच गोष्ट होती. जेरोमने आधी नदीकाठच्या जागांची आणि त्यांच्या इतिहासाची माहिती देणारं गंभीर पुस्तक लिहायला घेतलं होतं, लिहिता लिहिता विनोदच वरचढ झाला, पण त्या मूळ पुस्तकाचे तुकडे अजून आत शिल्लक आहेत. "ते कुठे कुठे लपलेत ते शोधत वाच," एवढंच त्यांनी लिहिलं. मी तसंच वाचलं. मध्येच एखादा परिच्छेद एकदम भारदस्त होतो, राजेराण्या येतात, आणि दोन पानांनी पुन्हा तंबू कोसळतो. नुसतं 'वाच, हसून हसून पोट दुखेल' असं कुणी सांगितलं असतं तर मी पानोपानी हसू येतंय का याचीच वाट पाहत बसले असते. हसवणाऱ्या पुस्तकाबद्दल 'हे फार हसवतं' असं सांगू नये, या मताची मी तेव्हापासून झाले. पु.लं.ची पुस्तकंही नव्या वाचकाला देताना मी आता असंच काहीतरी बाजूचं सांगते.

भाचीचं प्रकरण निराळं. पंधराची झाली, डोळ्यांपुढे सतत फोन. "मावशी, मला पुस्तक नको असं नाही गं, पण ते संपत नाही," ती म्हणाली. मला हे उत्तर खूप उपयोगी वाटलं. तिला शेरलॉक होम्सच्या कथा दिल्या. होम्सच्या कादंबऱ्या चारच आहेत, कथा मात्र 56. त्या कथांच्या लांबीमागे एक विचार आहे. 1891 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्या येऊ लागल्या तेव्हा क्रमशः कादंबऱ्यांचा जमाना होता, आणि एखादा अंक चुकला की वाचक तुटायचा. कॉनन डॉयलने नायक तोच ठेवला, पण गोष्ट दर अंकात पूर्ण केली. एका बैठकीत संपणारी आणि तरी ओळखीचं माणूस पुन्हा भेटवणारी. फोनने कातरून टाकलेल्या दिवसाला हे माप आजही बरोबर बसतं. मराठीत भालबा केळकरांनी होम्स आणलेला आहे, भाचीने मराठी आणि इंग्रजी दोन्ही आलटून पालटून वाचलं. मग तिथून ती आपली आपण सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराकडे गेली. अशोक जैन यांनी केलेले फेलूदाचे मराठी अनुवाद तिच्याकडून मग आणखी तिघांकडे फिरले.

तिने मला 'ॲस्टेरिक्स' दिला. तिची अट होती की घाईने वाचायचं नाही, प्रत्येक चौकटीत मागच्या बाजूला कोण काय करतंय तेही पाहायचं. गोसिनी आणि उदेर्झो या जोडीने 1959 मध्ये सुरू केलेली ही चित्रकथा मी लहानपणी नुसती संवाद वाचून संपवली होती. या वेळी एका पानावर मी कितीतरी वेळ रेंगाळले. चित्रकथा लहानांसाठी असतात असं आमच्यात कुणी म्हटलं की आता भाचीच्या आधी मीच बोलते.

सगळ्यात जपून करावी लागलेली शिफारस एका मैत्रिणीसाठी होती. तिची आई नुकतीच गेली होती. दीर्घ आजारपणातली सेवा, मग ते जाणं. ती नेहमी वाचणारी, पण तेव्हा तिला चार ओळींपुढे जाता येत नव्हतं. सगळ्यांनी मायेने तिला विनोदी पुस्तकं पाठवली. तिने ती बाजूला ठेवली. हसण्यासाठीही थोडी ताकद लागते, असं ती म्हणाली. मी तिला विचारलं, काय नको? ती म्हणाली, "मला कुणी हसवायला नको, आणि रडवायलाही नको. कुणीतरी शांतपणे काहीतरी करत बसलंय, तेवढंच हवं."

मला टोव्ह यान्सनचं 'द समर बुक' आठवलं. फिनलंडच्या आखातातल्या एका छोट्या बेटावर एक म्हातारी आजी आणि तिची छोटी नात सोफिया उन्हाळा घालवतात. 22 छोटी प्रकरणं. शेवाळ, होड्या, वादळ, एक मांजर, दोघींचे रुसवेफुगवे. कथानक म्हणावं असं काही नाही. पण त्यात एक जागा अशी आहे की ती न सांगता हे पुस्तक मैत्रिणीच्या हाती देणं मला शक्यच नव्हतं. सोफियाची आई वारलेली आहे. लेखिका ते सुरुवातीलाच ओझरतं सांगते आणि पुन्हा त्याबद्दल जवळजवळ बोलत नाही. यान्सनची स्वतःची आई 1970 मध्ये गेली आणि हे पुस्तक 1972 मध्ये आलं. मी चिठ्ठीवर हे सगळं स्पष्ट लिहिलं, ते वाक्य साधारण कुठे येतं तेही, आणि लिहिलं की नको वाटलं तर उघडूही नकोस, मी विचारणार नाही.

बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. रोज एक प्रकरण वाचत होती. मला त्या फोनचं किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. तेव्हापासून मी सुट्टीच्या पुस्तकांकडे वेगळ्या नजरेने बघते. उन्हाळ्यात वाचायचं हलकं पुस्तक म्हणजे विनोद, रहस्य किंवा प्रेमकथा, ही वाटणी दुकानातल्या मांडणीपुरती ठीक. वाचणाऱ्याचा भार ज्या पुस्तकाने त्या आठवड्यात कमी होईल ते त्याच्यासाठी हलकं, आणि ते कोणतं हे त्या माणसाकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

इशारा द्यायचा की नाही, यावर आमच्यात चांगला वाद झाला होता. निमित्त 'पाडस'चं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग'ला 1939 चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि राम पटवर्धनांनी त्याचा 'पाडस' हा देखणा अनुवाद केला. मावशीने ते एका दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी निवडलं: रान, मुलगा, हरणाचं पिल्लू, सुट्टीला याहून चांगलं काय? एक जण म्हणाला, शेवट आधी सांगायलाच हवा. मावशी म्हणाली, शेवट सांगितला तर पुस्तकाचा जीवच गेला. मला वाटतं दोघांचंही काही अंशी खरं होतं. शेवटी असं ठरलं की काय घडतं ते सांगायचं नाही, पण वजन केवढं आहे ते सांगायचं: "शेवटची पानं एकट्याने वाचू नकोस, कुणीतरी जवळ असताना वाच." मावशीने तसं लिहिलं. मुलाने ती पानं आईजवळ बसून वाचली, रडला, आणि नंतर अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं.

मालिकांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'वुडहाऊस वाच' ही शिफारस अर्धवट आहे, कारण पुढचा प्रश्न लगेच येतो, कुठून सुरू करू? चतुर नोकर जीव्ज आणि त्याचा भोळा मालक बर्टी वूस्टर यांच्यासाठी मी 'राईट हो, जीव्ज' (1934) सांगते, आणि 'द कोड ऑफ द वूस्टर्स' (1938) त्यानंतर, कारण गसी आणि मॅडलिन या पात्रांची ओळख पहिल्यात झालेली असली की दुसऱ्यातला गोंधळ जास्त खुलतो. ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराला बहुतेक ठिकाणी क्रम लागत नाही, कुठलंही उचला. अपवाद 'कर्टन'चा. ते पॉयरोचं शेवटचं प्रकरण आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेलं आणि 1975 मध्ये प्रसिद्ध झालेलं. तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली होती. ते आधी वाचलं तर पॉयरोचा निरोप घेण्यातली सगळी हुरहूर वाया जाते.

सुचवलेलं पुस्तक आवडलं नाही तर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायचा संकोच असतो. इथेही नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आम्ही घेतला: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. आणि तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं वाचायची. मामा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वाट्याला तीसहून कमी पानं आली. ज्यांनी आयुष्यात हाती घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकलं नव्हतं त्यांचा चेहरा हे ऐकून असा खुलला की आम्ही सगळे पाहत राहिलो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यातला तिसरा हक्क पुस्तक पूर्ण न करण्याचा आहे, आणि पहिलाच हक्क मुळात न वाचण्याचा. हे दोन्ही हक्क सुचवणाऱ्याने आधीच बोलून दाखवले की समोरच्याच्या मनावरचं दडपण उतरतं. शिफारस करताना मी आता पहिल्या ओळीतच लिहिते, 'नाही आवडलं तर सांग, मला राग येणार नाही, पुढच्या वेळी निवडायला मदतच होईल.' खरोखरच होते. 'नाही आवडलं, सगळे फार गोड बोलतात,' या एका वाक्यातून मला त्या वाचकाबद्दल जे कळलं ते चार याद्यांतून कळलं नसतं.

पेनाक यांच्या त्याच यादीत मोठ्याने वाचण्याचाही हक्क आहे. तो मावशीने बजावला. तिचे डोळे हल्ली लवकर दमतात, छापील मजकूर फार वेळ वाचवत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या जोडीला भाची आली होती. भाचीने तिला चिमणरावाच्या गोष्टी वाचून दाखवायला घेतल्या, काही समोर बसून, काही फोनवर ध्वनिमुद्रित करून. चिं. वि. जोशींचे संवाद मोठ्याने वाचले की त्यातला ठेका सापडतो. भाचीला सुरुवातीला जुनी भाषा अडली, तर मावशीने ऐकता ऐकता ती सोडवून दिली. दोघींनाही ते एकटीने वाचून एवढं मिळालं नसतं. तेव्हापासून ज्या जोडीला हवं असेल तिने पुस्तक एकत्र वाचायचं, ही मुभा आम्ही ठेवली आहे.

या वर्षी माझी जोडी त्या मैत्रिणीच्या मुलाशी लागली आहे, तोच तो, परीक्षा नको म्हणणारा. आता तो कॉलेजात आहे. मी तिन्ही प्रश्न विचारले. स्वतःहून शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक एका गिर्यारोहकाचं आत्मकथन निघालं, वाचायची वेळ रात्री झोपण्यापूर्वीची, आणि नको काय, तर 'कुणीही मला काही शिकवायला नको.' स्थळाचं दार उघडं दिसतंय, प्रकरणं छोटी हवीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'वर माझा हात पोचलाय. एकेका माणसाची एकेक गोष्ट, उपदेशाचा मागमूस नाही, आणि माणसांच्या मागे तो सगळा कोरडा मुलूख उभा. चिठ्ठी आज रात्री लिहायची आहे. त्याने मला कुठल्या तरी विज्ञानकथेबद्दल आधीच कळवून ठेवलंय, ती जाड आहे का एवढंच मी विचारलंय.